गीझर हलवण्याची तारीख

जबाब
दिनांक २१ जानेवारी, सकाळी १०.४० वाजता
पोलीस ठाणे, कीलुंग

नाव: त्साई युए-श्या. वय: ६७ वर्षे. व्यवसाय: सेवानिवृत्त शिक्षिका, माध्यमिक शाळा, विषय रसायनशास्त्र. शिक्षण: तैपेई येथील पदवी. राहणार: टेकडीवरची गल्ली क्र. २२, घर क्र. ९, चौथा मजला, कीलुंग.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा वेई ज्युन-होंग (वय ३६, बंदरात क्रेन चालवतो), सून फान पेई-रू (वय ३३) आणि नात दोदो (वय ३) असे चौघे राहतो. माझे पती नऊ वर्षांपूर्वी वारले. सून गरोदर असून तिला एकतिसावा आठवडा चालू आहे. मला ठाण्यात कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले आहे.

माझ्या मुलाने काल, दि. २० रोजी, गॅस फिटर को वेन-तांग (वय ४४) याच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. को वेन-तांगने दि. ६ जानेवारी रोजी आमच्या घरातील गॅस गीझर तपासला, परंतु धोक्याची कोणतीही सूचना दिली नाही, असे त्या तक्रारीत म्हटले आहे. ही गोष्ट खरी नाही. माझा मुलगा खोटे बोललेला नाही. त्याला माहीत नव्हते. माहीत नसण्याचे कारण मी आहे.

आमचा गीझर मागच्या बाल्कनीत आहे. कीलुंगच्या पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून माझ्या पतींनी वीस वर्षांपूर्वी ती बाल्कनी काचेच्या खिडक्या लावून बंद करून घेतली. न्हाणीघराचा झरोका याच बाल्कनीत उघडतो. बाल्कनी बंद झाल्यावर गीझर बाहेर काढायला हवा होता. तो काढला नाही. सगळ्या इमारतीत असेच आहे, म्हणून कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

दि. ६ जानेवारी रोजी सकाळी दहाच्या सुमारास को वेन-तांग वार्षिक तपासणीसाठी आला. त्या वेळी घरात मी एकटी होते. तो माझा माजी विद्यार्थी आहे, हे मी मुद्दाम नोंदवते. मी त्याची बाजू घेते आहे असे पुढे कोणी म्हणू नये. माझ्या विषयात मी त्याला नापास केले होते.

गीझर उघडून पाहिल्यावर तो म्हणाला, "बाई, हा इथे नको. चारी बाजूंनी काचा. ह्याचा धूर जाणार कुठे?"

मी म्हणाले, "धूर नाही. कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नसतो, वास नसतो, म्हणून तर धोका."

"तेच ते. ह्याच धड्यात तुम्ही मला अठ्ठावीस मार्क दिले होते."

"सव्वीस."

तो हसला. गीझर बाहेरच्या भिंतीवर न्यावा लागेल, भिंतीला एक मोठे भोक आणि सहा बोल्ट, दोन तासांचे काम, असे त्याने सांगितले. "गाडीत ड्रिल आहे. आत्ताच उरकून टाकू का?" असेही तो म्हणाला. मी हो म्हणाले. तो खाली जाऊन ड्रिल घेऊन आला. येताना त्याने दाराशी सुनेच्या सैल चपला आणि दवाखान्याची पिशवी पाहिली असावी. दारातच थांबून त्याने विचारले, "घरात कुणाला दिवस गेलेत का?"

मी म्हणाले, "सुनेला. आठवा लागतोय."

त्याने ड्रिल खाली ठेवले. म्हणाला, "मग पंचांग बघून तारीख तुम्ही सांगा. मी फक्त भोक पाडतो, देवाचं घरच्यांनी बघायचं. मागे एका घरी विचारायचं राहिलं, तर सासूबाईंनी मला जिन्यावरून खाली घालवलं. माझी शिडी वरच राहिली, ती दुसऱ्या दिवशी पोलिसांना सोबत नेऊन आणली."

मी तेव्हाही, "असल्या गोष्टी मी मानत नाही, तू कर काम," असे म्हणू शकले असते. मी म्हणाले, "बघून कळवते."

जाण्यापूर्वी त्याने मला तीन गोष्टी बजावून सांगितल्या. गीझर हलवेपर्यंत शक्यतो वापरू नये. वापरलाच तर बाल्कनीच्या दोन्ही खिडक्या पूर्ण उघड्या ठेवाव्यात. आणि घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवावे. हे सर्व त्याने वहीत लिहिले, खाली माझी सही घेतली आणि वरची प्रत मला दिली. गीझरवर पिवळे लेबल चिकटवले. त्याच्याकडची प्रत गाडीत पावसाने भिजून लगदा झाली, असे मला काल कळले. माझ्याकडची प्रत मी आज सोबत आणली असून ती ठाण्यात जमा करत आहे. सही माझीच आहे.

एकतीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या बाईचा गर्भदेवावर विश्वास आहे का, असे मला विचारण्यात आले. त्यावर सांगते की, नाही. पोटातल्या बाळाचा देव रोज घरात जागा बदलतो आणि तो असेल तिथे खिळा ठोकला तर गर्भाला इजा होते, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी ते कधी पाळले नाही. मुलालाही पाळू दिले नाही.

दोन वर्षांपूर्वी पेई-रूला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. जूनमध्ये उकाडा फार होता. तिच्या खोलीत एसी बसवायचे मी ठरवले. पेई-रू युनलिनकडच्या खेड्यातली आहे, आजीच्या हाताखाली वाढलेली. एसीवाला आला तेव्हा ती म्हणाली होती, "आई, तीन महिने होऊ दिले असते तर?" मी म्हणाले, "तुला गरम होतंय की नाही? मग झालं." भिंतीला भोक पाडले. पाचव्या दिवशी तिला रक्तस्राव झाला. अकरावा आठवडा होता. डॉक्टरांनी गुणसूत्रांचे कारण सांगितले आणि कागदही दिला. तो मी दोनदा वाचला. कारण योग्य होते. तळमजल्यावरच्या ल्यू काकू भेटायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आदल्याच आठवड्यात घर्रर्र आवाज येत होता ना तुमच्याकडून?" मी त्यांना आत घेतले नाही.

पेई-रू मला काहीही बोलली नाही. मुलालाही नाही. त्या उन्हाळ्यात तिने एसी लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नाही. खोलीत पंखा आहे.

एवढ्याने माझा विश्वास बसला असे मी म्हणत नाही. को वेन-तांग गेल्यानंतर मी छत्री घेऊन देवळापाशी गेले आणि या वर्षीचे पंचांग विकत घेतले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच आले. गर्भदेवाचा रोजचा मुक्काम त्यात बारीक अक्षरात छापलेला असतो: आज दाराशी, उद्या चुलीशी, परवा पलंगाखाली. बाल्कनी आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे चुलीचे दिवस मी वगळले. बांधकामाला वर्ज्य दिवस वगळले. मुलाला कामाला जायचे नसेल असे दिवस वगळले, कारण तो घरी असताना मला हे काम करायचे नव्हते. हे सर्व मी कागदावर तक्ता आखून केले. २७ जानेवारी ही तारीख निघाली. ती मी को वेन-तांगला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "बाई, तीन आठवडे फार होतात." मी म्हणाले, "खिडक्या मी सांभाळीन." तो म्हणाला, "घरात सगळ्यांना सांगा मात्र." मी हो म्हणाले.

मी कोणालाही सांगितले नाही. मुलाला सांगितले असते तर त्याने त्याच संध्याकाळी ड्रिल चालवले असते. मीच त्याला तसा वाढवला आहे. सुनेला सांगितले असते तर ती नको म्हणाली नसती. दोन वर्षांपूर्वीही ती नको म्हणाली नव्हती. तिला पुन्हा त्या जागी उभे करायचे नाही, असा माझा विचार होता. गीझरवरचे पिवळे लेबल मी त्याच दुपारी गरम पाण्याने काढले. सहीचा कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवला.

खिडक्यांबाबत: को वेन-तांगने पूर्ण उघड्या म्हणून सांगितले होते. थंडी होती आणि नातीला खोकला होता, म्हणून मी एक बंद ठेवली आणि दुसरी चार बोटे उघडी ठेवली. चार बोटे पुरतील हे मी कशावरून ठरवले, असे विचारल्यावर सांगते की, कशावरूनच नाही. वर्गात कोणी मुलाने असे उत्तर दिले असते तर मी त्याला उभे केले असते. सुनेला मी एवढेच म्हणाले होते, "कपड्यांना कुबट वास येतो, ती खिडकी लावू नकोस." ती "बरं आई" म्हणाली. दि. ७ ते दि. १८ पर्यंत मी दिवसातून चार-पाच वेळा जाऊन खिडकी पाहत असे.

दि. १९ रोजी दुपारपासून वारा उलटा फिरला आणि थंडी वाढली. पाऊस होताच. मुलगा कामावर होता, तो रात्री आठला सुटणार होता. नातीचा खोकला बळावला होता. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी तिचे औषध आणि रात्रीच्या रश्शासाठी माशांचे गोळे आणायला बाहेर पडले. निघताना पेई-रू म्हणाली, "आई, मी दोदोला अंघोळ घालून घेते, म्हणजे औषध घेऊन लगेच झोपेल." दोदो म्हणाली, "मला नको अंघोळ. आजी, मला पण बाजारात ने." मी तिला म्हणाले, "खोकतेस ती खोकतेस, वर बाजार हवाय." निघण्यापूर्वी मी खिडकी पाहिली. चार बोटे उघडी होती.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. मी सहा वाजून दोन मिनिटांनी परतले. वेळ नक्की आहे, कारण दार उघडताना समोरच्या घरातल्या टीव्हीवर सहाच्या बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. हाक मारली, उत्तर आले नाही. पाण्याचा आवाज येत होता. मी आधी बाल्कनीत गेले. दोन्ही खिडक्या घट्ट बंद होत्या आणि काचांवर वाफ धरली होती. गीझर चालू होता. त्याची ज्योत निळी असायला हवी, ती पिवळी होती. मी गॅसचा कॉक बंद केला, दोन्ही खिडक्या आणि पुढचे दार उघडले आणि न्हाणीघराचे दार ढकलले. कडी लावलेली नव्हती.

दोदो प्लास्टिकच्या टबात होती. पाणी तिच्या छातीपर्यंत होते, मान एका बाजूला पडली होती. पेई-रू टबाबाहेर फरशीवर पडली होती. तिचा एक हात टबाच्या काठावरून आत गेला होता आणि मुलीचा दंड त्या हातात होता, त्यामुळे मुलगी पाण्यात घसरली नव्हती. तो हात सोडवायला मला वेळ लागला. आधी मुलीला पुढच्या दाराबाहेर जिन्यात नेले. नंतर पेई-रूच्या काखेत हात घालून तिला ओढत नेले. सहा वाजून सात मिनिटांनी रुग्णवाहिकेसाठी ११९ ला फोन केला. गाडी एकोणीस मिनिटांनी आली असे मला वाटले, परंतु नोंदीप्रमाणे ती आठ मिनिटांत आली होती. नोंद बरोबर धरावी.

दवाखान्यात दोघींना जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या खोलीत ठेवण्यात आले. दोदो रात्री शुद्धीवर आली, पाणी मागितले आणि अंघोळ झाली का असे विचारले. पेई-रू दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आली. आईच्या रक्तातून हा वायू निघाला तरी पोटातल्या बाळाच्या रक्तातून निघायला जास्त वेळ लागतो, असे डॉक्टरांनी समजावले. मला ते माहीत नव्हते. तो भाग आमच्या पुस्तकात नव्हता.

दि. २० रोजी सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या जिन्यापाशी मुलगा मला म्हणाला, "वेन-तांगनं तपासलं होतं ना पंधरा दिवसांपूर्वी? काय तपासलं त्यानं, डोंबल? आई, तू घरात होतीस ना? काही बोलला तो?" मी म्हणाले, "आधी ह्या दोघींकडे बघू." हे उत्तर खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. तो तिथूनच ठाण्यात आला आणि त्याने तक्रार दिली.

दुपारी को वेन-तांग संत्र्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात आला. मुलाने त्याला वर येऊ दिले नाही. को वेन-तांग खालच्या पायरीवरून माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, मी सांगितलं होतं ना? तुम्ही तरी सांगा. मी सांगितलं होतं की नाही?" मुलगा म्हणाला, "माझ्या आईला मध्ये ओढू नकोस," आणि त्याने त्याला छातीवर ढकलले. संत्री जिन्यावरून खाली गेली. को वेन-तांगने हात उचलला नाही. मी तीन पायऱ्यांच्या अंतरावर उभी होते. मी काही बोलले नाही. ढकलाढकलीबाबत चौकशी झाल्यास, सुरुवात माझ्या मुलाने केली, हे माझे सांगणे आहे.

त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास मी पेई-रूच्या खाटेपाशी, मुलाच्या समोर, सर्व सांगितले: कागद, लेबल, पंचांग, तक्ता, २७ तारीख. मुलाने मध्ये एकदाच विचारले, "तू पंचांग बघितलंस? तू?" नंतर तो बाहेर गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. तक्रार त्याने अद्याप मागे घेतलेली नाही. हा जबाब त्याला दाखवावा.

खिडकी कोणी लावली याबाबत पेई-रू म्हणाली, "मी लावली. दोदो खोकत होती. वारा झरोक्यातून आत येत होता, ओल्या अंगाला लागला असता. मला वाटलं, कपड्यांचा वास काय, उद्या बघू." त्यानंतर ती म्हणाली, "आई, मला माहीत असतं तर मी लावली असती का?"

मी म्हणाले, "नाही."

थोड्या वेळाने तिने विचारले, "पण सत्तावीस तारखेपर्यंत थांबायचं कशाला?" मी तिला गर्भदेवाचे मुक्काम सांगितले. ती म्हणाली, "आई, ते काय रेल्वेचं वेळापत्रक आहे? आमच्या गावात बायका काय नऊ महिने घरात खिळाच ठोकत नाहीत? माझी आजी नवा झाडू घ्यायची, ठोकायचं असेल तिथे तीनदा फिरवायची आणि म्हणायची, बाबा, जरा बाजूला सरक, आम्हाला काम आहे. तो सरकतो. मग ठोका काय ठोकायचं ते."

मी विचारले, "कोणत्याही दिवशी?"

"कोणत्याही. तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

  दोन वर्षांपूर्वी एसी बसवण्याआधी असा झाडू फिरवला असता तर तिच्या मनाला काही फरक पडला असता का, हे मला विचारायचे होते. नर्स आली, त्यामुळे राहून गेले.

को वेन-तांगने आपले काम नीट केले. त्याने धोका ओळखला, तो सांगितला, लिहून दिला, तीन आठवडे फार होतात हेही सांगितले. त्याच्या परवान्यावर या प्रकरणाचा कोणताही ठपका येऊ नये. कागद लपवणे, लेबल काढणे, घरच्यांना न सांगणे आणि खिडकी चार बोटे ठेवणे ही चारही कृत्ये माझी आहेत. ती मी एकटीने, पूर्ण शुद्धीत आणि विषयाची पूर्ण माहिती असताना केली. यापुढे जी कारवाई होईल तिला माझी हरकत नाही.

आमच्या इमारतीत अशाच बंद बाल्कन्यांत आणखी सात गीझर आहेत. त्यांतल्या दोन घरांत पाच वर्षांखालची मुले आहेत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला चौथा महिना आहे. मी आज सकाळी सातही दारे वाजवून सांगितले आहे. ल्यू काकूंनी मला आत बोलावले.

आज सकाळी सात वाजता बाळाचे ठोके मिनिटाला १४२ होते. काल संध्याकाळपासून ते हलते आहे. जन्म होईपर्यंत याहून अधिक काही सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात.

अग्निशमन दलाने गीझरची तपासणी काल पूर्ण केली असून तो हलवण्यास परवानगी दिली आहे. मी को वेन-तांगला फोन केला. तक्रार चालू असताना तो येईल असे मला वाटले नव्हते. तो म्हणाला, "येतो बाई. चार वाजता. ज्युन-होंगला तेवढं सांगून ठेवा, दुसऱ्यांदा नको." दुसरा फिटर बोलवावा असे ठाण्याचे म्हणणे असेल तर तसे करीन, परंतु काम आजच होईल. येथून जाताना मी नवा झाडू घेणार आहे. झाडू फिरवताना काय म्हणायचे ते पेई-रूने दवाखान्याच्या कागदामागे मला लिहून दिले आहे. तीन ओळी आहेत. मी त्या पाठ केल्या आहेत.

हा जबाब लिहिणाऱ्या हवालदारांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी वेळ चुकली होती, ती मी दुरुस्त करून घेतली. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे. कोणी दबाव आणलेला नाही. वाचून खात्री केली, म्हणून खाली सही करते.

त्साई युए-श्या
वेळ: दुपारी १२.२५